गारांवरचा दगड

"इंजिनियर मेला! वर खिंडीत, गाडीपाशी पडलाय!"

डंपरवाला खिडकीतून ओरडला तेव्हा सातुर्निना काय्यो रस्त्याच्या मधोमध पाटी धरून उभी होती. लाल बाजू म्हणजे थांबा, हिरवी म्हणजे चला. एकेरी रस्त्यावरची सगळी वाहतूक तिच्या मनगटावर चालायची. चार वाजून गेले तरी इंजिनियर खाली आला नाही, म्हणून तिनंच या डंपरवाल्याला वर पाठवलं होतं.

तिला दया आली नाही, आनंदही झाला नाही. आपल्या घरातून काहीतरी चोरीला गेलंय, असं तिला वाटलं.

कारण इंजिनियर बुस्तियोस तिचा होता. दिवससुद्धा ठरला होता, शनिवार. शनिवारी खडीनं भरलेले डंपर उतारावरून सुसाट खाली येतात. त्यातल्या एकाच्या समोर ती बुस्तियोसच्या पांढऱ्या पिकअपला हिरवी पाटी दाखवणार होती. फक्त मनगट फिरवायचं काम. आणि कोणीतरी आधीच येऊन तिच्या हातातला घास पळवला होता.

ती उभी राहायची तिथून वरचं वळण दिसायचं, आणि वळणावरचा निळा क्रूसही. तिचा धाकटा मुलगा निल्टन तिथंच रोलरसकट दरीत गेला होता. सलग दोन पाळ्या करून आलेल्या पोराला बुस्तियोसनं तिसऱ्या पाळीला बसवलं आणि तो बसल्या जागी झोपला. जादा पाळी मजुराच्या मर्जीवर असते, ती जबरदस्तीनं लादता येत नाही, असं पेरू देशाचा कायदा सांगतो. सूट एकच. अपघात झाला, दरड कोसळली, तर हुकूम देता येतो. मग काय, कंपनीनं सांगितलं की त्या दिवशी दरड कोसळली होती. कामावरच्याच कुणीतरी मजूर कचेरीत बंद दाराआड तशी साक्षही दिली म्हणे, आणि फाईल मिटली.

सातुर्निना त्या दिवशी याच जागी उभी होती. दरड राहू द्या, खडासुद्धा पडला नव्हता. पण पाटीवाल्या बाईला कोण विचारतो?

आज मात्र तिला विचारायला फौजदार पालोमिनो आला. पोटानं गोल, डोळ्यांनी झोपाळू, पण याच डोंगरातला माणूस.

"इंजिनियरला शेवटचं कधी पाहिलंत, बाई?"

"गारा पडून गेल्यावर. फोनला रेंज फक्त खिंडीत येते, म्हणून तो रोज वर जायचा."

"एकटाच होता?"

"पुढे तो एकटा. मागचं काही दिसलं नाही, काचांवर आतून वाफ धरली होती. दारं लॉक."

"लॉक होती ते कसं कळलं?"

"निल्टनचे कपडे नदीवर धुतले, त्या दिवसापासून माझ्यापाशी आला की तो आतून खटका दाबायचा. खट्. मला तो आवाज आवडायचा."

पालोमिनोनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"त्यानंतर वर कोण गेलं?"

"रस्त्यानं कुणी नाही. रस्ता खिंडीतच संपतो, पलीकडे नुसता कडा. लामा जनावरांच्या पायवाटेनं कुणी गेलं असेल तर ती मला इथून दिसत नाही. डंपरवाला गेला, पण तो गाडीतून खालीही उतरला नाही, तिथूनच माघारी फिरला."

"तुमचा थोरला, योनेल? तो आज दुपारी कामावर नव्हता."

"भावाच्या थडग्यापाशी होता."

"कुणी पाहिलं?"

"निल्टननं."

पालोमिनोनं उसासा टाकला. नदीवर, मेलेल्याचे कपडे धुताना, सगळ्या कॅम्पासमोर योनेलनं ओला शर्ट पिळत शपथ घेतली होती. 'या बुस्तियोसला मी असाच पिळीन.' शंभर माणसांनी ऐकलेली शपथ पोलिसांनी ऐकली नाही असं कसं होईल? संध्याकाळच्या आत योनेल कोठडीत होता.

एक लेक जादा पाळीनं नेला, दुसरा आता तुरुंगानं न्यायचा. सातुर्निना घरी येऊन चुलीपुढे बसली आणि तिनं चूलही पेटवली नाही.

तेवढ्यात तेओफिलो किल्का आला. मजूर संघटनेचा पुढारी, पांढऱ्या मिश्यांचा, मऊ आवाजाचा. निल्टनला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानंच हातावर घेतलं होतं, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. रक्ताच्या भावापेक्षा हे नातं जवळचं मानतात.

आल्या आल्या त्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत कोकाची पानं धरली. तिनंही ओंजळीतच घेतली. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

"ही साल पण घ्या थोडी," तो म्हणाला.

कॅम्पात सगळे पानांबरोबर काळ्या राखेची गोळी चावतात. तेओफिलो तरुणपणी खाली जंगलात सोन्याच्या खाणीवर होता. तिथून त्याला रानवेलीच्या गोड, लालसर सालीची चटक लागली ती कायमची. 'पुढाऱ्याला गोड बोलायचं असतं ना, मग तोंड आधी गोड करायला नको?' असं म्हणून पोरं त्याला चिडवायची आणि तोही हसायचा.

"नको, मला राखच बरी," सातुर्निना म्हणाली.

दोघांनी गालात बार भरला.

"कोमाद्रे, मन घट्ट करा," पानं चावत तेओफिलो म्हणाला. "योनेलला सांगा, कबूल करून टाक म्हणावं. भाऊ गेलेला, रागाच्या भरात हात उचलला. न्यायाधीशालाही काळीज असतं. वकिलाचं मी बघतो."

"त्यानं केलंच नाही तर कबूल काय करायचं?"

"मीही देवाला हेच विचारतोय. पण लोकांनी शपथ ऐकलीय हो."

"तुम्ही कुठे होता, कोम्पाद्रे?"

"मी?" त्यानं मिशीवरून हात फिरवला. "कॅम्पातच. गारांनी पत्रे फाटले, ते बघत होतो. खिंडीत तर निल्टनच्या नवव्या दिवसापासून पाऊल टाकलं नाही मी. त्या वळणावरून जावं लागतं. छाती फुटते माझी."

जाताना तो तिच्या खांद्यावर थोपटून गेला. त्या थोपटण्यानं तिला रडू फुटलं. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच.

सकाळी पालोमिनो हत्यार शोधायला खिंडीत निघाला, तेव्हा ती त्याच्या जीपपुढे लाल पाटी धरून उभी राहिली.

"मला घेऊन चला."

"हे पोलिसांचं काम आहे, बाई."

"रस्ता माझा आहे."

पालोमिनोनं दार उघडलं. निळा क्रूस मागे पडला. मग तीच बोलली.

"साहेब, त्याला मार कुठे लागला?"

"डोक्याला, मागून. एकच घाव, दगडासारख्या जड वस्तूचा. गाडीबाहेर उभा होता तो, दरीकडे तोंड करून."

"माझ्यासारखी म्हातारी पाटी घेऊन जवळ आली तर खटका दाबणारा माणूस. तो योनेलला बघून गाडीतून उतरला? वर त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला?"

पालोमिनोनं गिअर बदलला. "तेच मला रात्रभर टोचतंय. आणि आणखी एक. त्याचा शेवटचा फोन मजूर कचेरीला होता. तिथला निरीक्षक म्हणतो, बुस्तियोस घाबरला होता. फाईल पुन्हा उघडणार अशी कुणकुण त्याला लागली होती. म्हणाला, 'उद्या येऊन दरडीचं खरं सांगतो. मी एकटा का बुडू?'"

"एकटा का बुडू," सातुर्निना हळूच म्हणाली. म्हणजे पाण्यात आणखी कुणीतरी होतं.

खिंडीच्या अलीकडे तिनं जीप थांबवायला लावली. खाली उतरून रस्त्याकडेचा एक दगड उचलला. पालोमिनोनंही उचलला. खिंडीत जायचं तर खालून दगड न्यायचा, वरच्या राशीवर ठेवायचा, गालातला कोकाचा चोथा त्यावर चिकटवायचा. चढाचा शीण तिथं राहतो आणि माणूस हलका होऊन पुढे जातो. रस्ता झाला, डंपर आले, तरी हे कुणी सोडलं नाही. राजधानी लिमाहून आलेला बुस्तियोस तेवढा याला हसायचा.

वर बोचरी थंडी होती. कालच्या गारा तशाच गोठून राहिल्या होत्या आणि दगडांची ती जुनी रास पिठात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. पालोमिनोची माणसं कड्याखाली हत्यार शोधत होती. सातुर्निना आपला दगड ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

"साहेब, इकडे या. हात लावू नका."

"काय आहे?"

"या सगळ्या दगडांवर गारा आहेत."

"मग?"

"हा बघा. याच्या डोक्यावर एक गार नाही. सगळ्या खाली दबल्यात."

डोक्याएवढा गोल दगड राशीच्या मागच्या अंगाला, खाचेत नीट बसवलेला होता. गारा पडून गेल्यावर ठेवलेला. पालोमिनोनं पटकन क्रूसाची खूण केली. राशीवरचा दगड उचलायचा म्हणजे दुसऱ्याचा शीण आपल्या अंगावर घ्यायचा. या डोंगरात ते कुणी करत नाही. म्हणूनच हत्यार लपवायला पृथ्वीवर याहून चांगली जागा नव्हती.

त्यानं हातमोजे चढवले आणि ओठ हलवत, बहुधा माफी मागत, दगड उलटा केला. खालच्या बाजूला तांबडं काळं वाळलेलं होतं, त्यात दोन-चार आखूड केस.

"पण हे बघा," सातुर्निना म्हणाली. दगडाच्या कडेला कोकाचा चोथा चिकटलेला होता. "इथं त्यानं खाल्ली माती. पळायची घाई, हात रक्ताचे, पण राशीवर दगड ठेवला आणि बोटं आपोआप गालात गेली. सवय हो. माझीही गेली असती."

ती चोथ्याकडे पाहत राहिली. हिरव्या लगद्यातून लालसर धागे डोकावत होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पालोमिनोनं विचारलं, "काय झालं?"

"सगळ्यांना वर बोलवा," ती म्हणाली. "सगळ्या पाळ्यांना. सांगा, दोन माणसं गेली, आता पृथ्वीला नैवेद्य दिल्याशिवाय काम पुढे नाही. नाही कुणी म्हणणार नाही."

दुपारी सगळा कॅम्प राशीभोवती उभा राहिला. चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची, बाटली फिरली, प्रत्येकानं आधी जमिनीवर थेंब सांडले आणि मग तोंडाला लावली. तेओफिलो पुढेच होता, हातात टोपी घेऊन. पालोमिनो पाय फाकून उभा होता.

सातुर्निना बोलायला लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण वारा पडला होता.

"माझ्या योनेलनं इंजिनियरला मारलं, असं तुम्ही सगळे मनातून म्हणताय. त्याची शपथ तुम्ही ऐकलीत. पण ती इंजिनियरनंही ऐकली होती! तेव्हापासून तो दाराला खटका लावून फिरायचा. मग काल तो कुणासाठी खाली उतरला? कुणाकडे पाठ करून दरी बघत उभा राहिला? ज्याची त्याला भीती नव्हती, त्याच्याकडे."

"असा कोण होता इथं?" कुणीतरी म्हणालं. "त्याला सगळेच शिव्या द्यायचे."

"तोंडावर सगळेच द्यायचे. गाडीच्या काचांवर आतून वाफ होती. तो एकटा जायचा तेव्हा कधी अशी वाफ धरली नाही. मागच्या सीटवर आणखी एक माणूस खाली वाकून बसला होता. साहेबाच्या गाडीत आपण कुणाला दिसायला नको, अशी ज्याला लाज होती असा माणूस. वर गेल्यावर साहेबानं त्याच्यादेखत मजूर कचेरीला फोन केला. म्हणाला, दरडीची खोटी साक्ष कुणी दिली ते उद्या सांगतो. नंतर तो माणूस लामांच्या पायवाटेनं, माझ्या नजरेआड, खाली उतरला."

गर्दीत कुजबुज झाली. तेओफिलोनं टोपी डोक्यावर घातली.

"साक्ष कंपनीच्या कारकुनानं दिली असेल," तो म्हणाला. "मी किती वेळा विचारलं कचेरीत—"

"कारकून कोका खातो का, कोम्पाद्रे?"

तिनं पालोमिनोकडे पाहिलं. त्यानं फडकं बाजूला केलं. गोल दगड, वाळलेलं रक्त, चिकटलेला चोथा. पुढच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली आणि मग, एकेक करून, मागे सरकली. कुणालाच सांगावं लागलं नाही. हिरव्यातले ते लालसर धागे सगळ्या कॅम्पाच्या ओळखीचे होते, रोज चेष्टा करायचे ना त्यांची!

"ही साल माझी असेलही," तेओफिलो घाईनं म्हणाला. "निल्टनच्या नवव्या दिवशी दगड ठेवला होता मी. तोच हा."

"मग याच्या खाली गारा कशा? नवव्या दिवशी ऊन होतं, आपण दोघं घामानं भिजलो होतो." ती बाजूला झाली. "बरं, तुमचा आहे म्हणता ना? मग उचला. तुमचा शीण तुम्हीच उचला, कोम्पाद्रे. सगळ्यांसमोर."

तेओफिलोनं दगडाकडे पाहिलं. हात पुढे केला. बोटं दगडापासून वीतभर अंतरावर थांबली ती थांबलीच. शंभर माणसं बघत होती.

"जावयाचे दोन डंपर," तो पुटपुटला. "कामावर लावून देतो म्हणाला. एवढंच सांग म्हणाला, दरड पडली. जादा पाळी लावायची की असा कागद, नेहमीचंच होतं ते. सही केली तेव्हा पोरगा जिवंत होता, कोमाद्रे! मला काय माहीत, त्याच दिवशी... नंतर कचेरीत विचारलं तेव्हा मागे कसा फिरू? काल तो म्हणाला, कचेरीत तुझं नाव घेणार. हसत म्हणाला. मग पाठ फिरवली. समोर दगड पडला होता."

"आणि योनेल?" तिनं विचारलं.

तेओफिलोनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"काल माझ्या चुलीपुढे बसून तुम्ही माझ्या हातावर पानं ठेवलीत. म्हणालात, पोराला कबूल करायला सांगा." आता तिचा आवाज चढला. "एकाला जादा पाळीत विकलंत, दुसऱ्याला तुमच्या जागी तुरुंगात टाकायला निघालात, आणि मी तुमच्या हाताच्या थोपटण्यानं रडले! बुस्तियोस माझा होता, तोही माझ्याकडून हिसकावलात. माझ्या सुडाला तुम्ही काही शिल्लक ठेवलं नाहीत."

एका मजुरानं तेओफिलोच्या पायाशी थुंकून चोथा टाकला. राशीवर नव्हे, जमिनीवर. मग दुसऱ्यानं. पालोमिनोनं तेओफिलोच्या हातात बेड्या घातल्या नसत्या तर पुढचं काम जमावानंच केलं असतं.

चौकशी, जबाब, दगड बांधून मोहर लावणं यात दुपार कलली. सातुर्निना मात्र आपल्या जागेवर परत गेली. पाळी अर्धी टाकून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. काही वेळानं जीप खाली आली आणि तिच्या लाल पाटीपुढे थांबली, निळा क्रूस खिडकीतून बरोबर समोर दिसेल अशी. खालून रिकाम्या डंपरांची रांग चढत होती.

मागच्या खिडकीची काच खाली झाली.

"कोमाद्रे," आतून आवाज आला. मऊ आवाज आता फाटला होता. "सोडा ना पुढे. कुठेही थांबवा, पण इथं नको. मला तो क्रूस दिसतोय."

तिनं पाटी हलवली नाही. एकेक डंपर गेला. शेवटचा गेला. तेवढ्यात खाली कॅम्पात भोंगा वाजला.

सातुर्निनानं पाटी जमिनीतल्या नळीत रोवली, लाल बाजू जीपकडे. डोक्यावरचं हेल्मेट काढलं, अंगावरची शाल झटकली.

"बाई, रस्ता मोकळा आहे," पालोमिनो म्हणाला. "तेवढी हिरवी फिरवा की."

"माझी पाळी संपली. पुढच्या पाळीची बाई येईल, ती फिरवेल."

"ती कधी येणार? एका मिनिटाचं काम आहे हो."

"एक मिनिट म्हणजेसुद्धा ओव्हरटाईम, साहेब. तो माझ्या मर्जीवर. दरड कोसळली असती तर गोष्ट वेगळी." ती खिडकीपाशी वाकली. "विचारा यांना. दरड पडलीय का?"

तेओफिलोनं तोंड फिरवलं, पण दुसऱ्या बाजूलाही दरीच होती.

पालोमिनोनं तिच्याकडे पाहिलं, मग क्रूसाकडे. चावी फिरवून त्यानं इंजिन बंद केलं आणि सीटवर मागे रेलून टोपी डोळ्यांवर ओढली.

खालच्या वळणावर योनेल उभा होता. तासाभरापूर्वीच त्याला सोडलं होतं. त्यानं आईचं हेल्मेट हातात घेतलं आणि दोघं कॅम्पाकडे उतरायला लागली. सातुर्निनानं एकदाच मागे वळून पाहिलं. जीप तिथंच उभी होती.